बांधावरचा पक्षी आणि शेताचा मालक : खानदेशातले अनुभव

थंडी पडली की हतनूर धरणाच्या काठाला, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात, शहादा-धडगावकडच्या सातपुड्यात दुर्बिणी आणि मोठाले कॅमेरे घेतलेल्या मंडळींच्या गाड्या दिसू लागतात. पक्षी रानातला असला तरी तो ज्या बाभळीवर बसतो ती कुणाच्या तरी बांधावर उभी असते. न विचारता शेतात शिरल्याने नेमकं काय बिघडतं आणि नीट विचारून येणाऱ्याने काय सांभाळावं, हे ज्यांना रोजच्या कामातून ठाऊक आहे त्यांनी लिहावं. कुणाचं नाव, गाव, गट नंबर देऊ नका. तक्रारीसोबत उपायही लिहा.

केळी बागाईतदार, रावेरकडचा

पहिलं नुकसान ठिबकचं. १६ एमएमची नळी जमिनीवर उघडी पडलेली असते आणि वर नजर लावून चालणाऱ्याला ती दिसत नाही. पाय अडकला की नळी हातभर सरकते. मग ड्रिपरचं पाणी रोपाच्या बुडाशी पडायचं ते सरीत पडतं. मोठ्या बागेत हे चालून जातं. नुकत्याच लावलेल्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीत, टिश्यू कल्चरच्या रोपाची मुळं वीतभरसुद्धा पसरलेली नसतात, पावसाने ओढ दिली की असं रोप दुसऱ्या दिवशी मान टाकतं. ओळीच्या टोकाची एंड कॅप निघाली तर आणखी वाईट. सगळं पाणी तिथून वाहून जातं, दाब कमी होतो आणि बाकीच्या ओळी कोरड्या राहतात. मालकाला हे दिसतं ते पानं पिवळी पडल्यावर, तोवर गाडी घरी पोचलेली असते.

दुसरं, बुटांची माती. केळीचा मर रोग मातीतून पसरतो, म्हणजे बुटाच्या तळव्याला आणि टायरला चिकटलेल्या चिखलातूनही. एका बागेतून निघून दुसऱ्या बागेत जायचं असेल तर आधी तळवे काडीने खरवडून, ब्रशने घासून धुवा. पाण्याची एक बाटली त्याच कामाला वेगळी ठेवा.

तिसरं, गाडी. शिवाररस्ता एका ट्रॅक्टरपुरता असतो. कटाईच्या दिवशी मालाची गाडी बांधाला लागणार असते आणि कापलेले घड तिची वाट बघत बाजूला पडलेले असतात. मध्ये कुणाची कार उभी राहिली तर माल उन्हात तापतो, सालीवर डाग धरतो आणि व्यापारी भाव पाडतो. गाडी गावातच शाळेपाशी किंवा मंदिरापाशी लावा, पुढे पायी या.

गाळपेर करणारा, हतनूर परिसर

आमच्याकडे वाद ठरलेला. आम्ही हटकलं की उत्तर येतं, "ही तर धरणाची जागा, सरकारी आहे." जागा सरकारी आहे हे खरं. पण पाणी उतरलं की ती हंगामापुरती रीतसर पेऱ्याला दिली जाते, हीच गाळपेर. त्यात हरभरा, गहू, कलिंगड, जे असेल ते आमच्या पैशाचं आणि मेहनतीचं असतं. कुंपण नसतं, कारण पुढल्या पावसात ते पाण्याखाली जाणार. म्हणून ती मोकळी वाटते.

बदकं जवळून दिसावीत म्हणून लोक पिकातून सरळ पाण्याच्या रेषेकडे जातात. तसं जाऊ नये, याला पिकापलीकडचंही कारण आहे. काठाचा गाळ वरून वाळून तडकलेला असतो, तडे बघून जमीन टणक वाटते, पण खाली तो गुडघाभर ओला असतो. वरची पापडी फुटली की पाय अडकतो आणि ओढून काढताना माणूस कॅमेऱ्यासकट पडतो. मच्छीमार ज्या वाटेने होडीकडे जातात तीच वाट धरा, ती तुडवून घट्ट झालेली असते.

पट्टकदंब हंस जिथे हरभऱ्यात किंवा गव्हात चरायला उतरतात तिथे उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवतात. उठलेला थवा धरण सोडून जात नाही, दोन शेतं पलीकडे कोवळ्या पिकात बसतो. फोटो एकाचा होतो, नुकसान तिसऱ्याचं.

तापीच्या वाळूवर उन्हाळ्यात नदीसुरय आणि टिटवी अंडी घालतात. दुपारच्या उन्हात आई उठली की अंडी थोड्याच वेळात भाजून निघतात. टिटवी पोटाची पिसं भिजवून येऊन अंडी गार करते, पण माणूस तिथे उभा असेल तर ती येणारच नाही. पक्षी डोक्यावर ओरडत झेपावू लागला, तर अंडी जवळपास आहेत. पुढचं पाऊल कुठे पडतंय ते बघत आल्या वाटेनेच मागे फिरा.

सातपुड्यातला वाटाड्या

रानपिंगळ्याबद्दल, म्हणजे रानातल्या छोट्या घुबडाबद्दल लिहितो, कारण सगळी गर्दी त्याच्यासाठी. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि तेव्हापासून लांबलांबून लोक येतात. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे दिसायला अवघड नाही. थोडा धीर धरला तर आवाज लावायची गरजच पडत नाही.

तरीही मोबाईलवर त्याचा आवाज लावतात. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला. तो समोर येतो, ओरडतो, जागा सोडत नाही. घरटं साधारण ऑक्टोबर ते मे या काळात असतं आणि ढोलीत बसलेल्या मादीला तोच भक्ष्य आणून देतो. तो हद्द राखत बसला की सरडे-उंदीर पकडायचे राहतात. एक टोळी गेली की दुसरी येते, ती पुन्हा तेच करते. ढोलीपासून निदान तीस-चाळीस पावलं दूर, झाडाच्या खोडाआड बसा. ढोलीसमोरची फांदी फोटोसाठी कधीही तोडू नका, त्या फांदीच्या आडोशानेच पिल्लं शिकऱ्याच्या आणि कावळ्याच्या नजरेआड राहतात. रानपक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता जमिनीचं. इथे डोंगरउतारावर जे विरळ जंगल दिसतं त्यातला बराच भाग पावरा आणि भिल्ल कुटुंबांनी कसलेला आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली अनेकांना त्याचे पट्टे मिळालेत. शेतात साग, मोहाची झाडं तशीच उभी ठेवलेली असतात, म्हणून परक्याला ते शेत वाटत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालची जमीन साफ करून ठेवलेली दिसली की समजा, पहाटे तिथे फुलं वेचली जाणार आहेत. तिथे गाडी लावणं, तिपाई रोवणं म्हणजे त्या घराच्या वर्षाच्या कमाईवर पाय देणं. फुलं सकाळीच गोळा होतात, नऊनंतर जा.

पाड्यात शिरण्याआधी कारभारी किंवा पोलीस पाटलाला भेटा. २०१८च्या जुलैमध्ये साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेतून पाच निरपराध माणसांचा जीव गेला. अनोळखी गाडी, झाडीत लपून बसलेली माणसं आणि पोरांना बिस्किटं वाटणं, हे तिन्ही टाळा.

रात्री पाणी भरणारा, चोपडा-यावलकडचा

घुबडासाठी रात्री येणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्याच्या पाळीने रात्री येते, त्यामुळे शेतात माणूस असतोच. केबल आणि स्टार्टर चोरीला जातात, म्हणून विहिरीपाशी बॅटरी हलली की लोक काठ्या घेऊन धावतात.

दुसरी गोष्ट जिवाची. रानडुकरांसाठी मका-भुईमुगाला तार ओढलेली असते. झटका मशीनचा करंट थांबून थांबून येतो, तो नुसता हादरवतो. पण काही ठिकाणी बेकायदा थेट लाईनचा करंट सोडलेला असतो आणि तार बघून फरक कळत नाही. अंधारात कुठल्याही तारेला हात लावू नका, ओलांडूही नका. मालकाने फाटकाचा आकडा काढून आत घेतलं, तर बाहेर पडताना तो परत अडकवला का हे त्यालाच बघायला लावा. आकडा अडकवायचा राहिला तर रातोरात डुकरं आत. शिवाय कठडा नसलेल्या विहिरी आहेतच, सुगरणीचे खोपे बघत मागे सरकणाऱ्यांनी दिवसाही जपावं.

मळ्यात राहणारी गृहिणी

आमची घरं शेतातच असतात. पहाटे बायका आंघोळीला, आडोशाला बाहेर पडतात, नेमक्या त्याच वेळी बांधावर लांब नळीचा कॅमेरा घराकडे रोखलेला असतो. भिंतीतल्या पिंगळ्याचा फोटो घेताय हे आम्हाला कसं कळणार? आधी आवाज द्या, ओट्यापाशी या, घरातल्या बाईमाणसाशी बोला, पडद्यावर फोटो दाखवा. आमच्याकडे "कोठला शेतस भाऊ?" (कुठले आहात भाऊ?) असं विचारतात तेव्हा गाव आणि नाव सरळ सांगा, त्यात भांडण नसतं. ऊन वर आलं की या, आम्ही चहा करू. बोरी-बाभळीच्या काट्या सारून आत आलात तर जाताना त्या जागेवर ओढा, नाहीतर गुरं पिकात शिरतात.

महसुलातून निवृत्त

"बांधावरून तर सगळेच जातात" हा गैरसमज आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मिळते ती ज्याला स्वतःच्या शेतात जायचं आहे अशा खातेदाराला, बाहेरच्याला नाही. गावनकाशा बघा : दोन तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एक तुटक रेष म्हणजे पायवाट. त्यावरून निर्धास्त जा, बाकी सगळीकडे परवानगी. गटांचा नकाशा महाभूनकाशावर घरबसल्या दिसतो, येण्याआधी बघून ठेवा म्हणजे मालक कोण हे गावात नेमकं विचारता येतं.

कापूस-हरभरा, जामनेर

फुटलेल्या कपाशीतून चालू नका, कपड्याला लागून बोंडातला कापूस खाली पडतो, माती-पाचोळा लागला की प्रत जाते. फवारणी झालेल्या शेतात तर मुळीच नको. बांधावर टाकलेल्या रिकाम्या डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण (जास्त विषारी औषधाची खूण) दिसला तर परत फिरा.

पक्षीनोंदी ठेवणारा, जळगाव

बहुतेक गर्दी एका नकाशाच्या टाचणीने येते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खाजगी शेताची नोंद हॉटस्पॉट (सगळ्यांना दिसणारी जागा) म्हणून सुचवू नका, वैयक्तिक जागा ठेवा आणि टाचणी गावाच्या किंवा तालुक्याच्या नावावर लावा. फोटोतलं जीपीएस बंद करा. फोटोच्या पार्श्वभूमीत विहीर, विजेची डीपी, मंदिराचा कळस आला तर तो कापा, गावकरी त्यावरून शेत ओळखतात आणि बाहेरचे विचारत विचारत पोचतात. घरट्याची नोंद पिल्लं उडून गेल्यावरच टाका. मालकाला लोकांचा त्रास असह्य झाला की तो घरट्याचं झाडच तोडतो, आणि झाड त्याचं असतं, शेत त्याचं असतं.

सालदारांच्या बाजूने

शेतात दिसलेल्या सालदाराने मान हलवली म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका. तो वर्षाच्या बोलीवर कामाला असतो, शहरातल्या माणसाला नाही म्हणायचं त्याला जड जातं, आणि नंतर काही मोडलं तर बोलणी त्यालाच बसतात. त्याच्याकडून मालकाचा नंबर घ्या, त्याच्यासमोर फोन लावा, किती जण, कुठल्या बांधाने, किती वाजेपर्यंत हे सांगा, आणि मालकाचं उत्तर स्पीकरवर त्यालाही ऐकू द्या. चारपेक्षा जास्त जण असाल तर दोन खेपा करा. निघताना त्याला परत भेटा, म्हणजे नळी, आकडा, काट्या तो तुमच्यासमोरच बघून घेईल.