जेनी लिंडने २८व्या वर्षी ऑपेरा सोडला, हे संगीताचं नुकसान नाही का?

तारसप्तक (धागाकर्ता)

१० मे १८४९. लंडनचं हर मॅजेस्टीज थिएटर. मेयरबेअरच्या 'रॉबेर ल द्याब्ल'मधली अ‍ॅलिस करून जेनी लिंड रंगमंचावरून खाली उतरली ती कायमची. दोनच वर्षांपूर्वी, ४ मे १८४७ला, याच थिएटरात, याच भूमिकेत लंडनने तिला पहिल्यांदा ऐकलं होतं. राणी व्हिक्टोरिया हजर होती, जर्मन संगीतकार मेंडेल्सझोन हजर होता. आणि आता वय फक्त २८ असताना तिने ऑपेरा संपवला.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडिश गायिका, जन्म १८२० चा, स्टॉकहोमचा. १८३८ साली वेबरच्या 'डेर फ्रायशुट्झ'मधली आगाथा गाऊन ती नावारूपाला आली. पुढे बर्लिन, व्हिएन्ना, लंडन. बेल्लिनीची नॉर्मा तिने गाजवली. व्हर्डीच्या 'इ मास्नादिएरी'चा पहिला प्रयोग जुलै १८४७ मध्ये लंडनला झाला, त्यात अमालिया तिची होती आणि वाद्यवृंदापुढे खुद्द व्हर्डी उभा होता.

आज मात्र तिचं नाव निघतं ते तिचा अमेरिका दौरा घडवून आणणाऱ्या बार्नम या तमाशे-कार्यक्रमवाल्याच्या जाहिरातबाजीमुळे. बार्नमवरच्या हॉलिवूडपटात तर तिला त्याच्या प्रेमात पडलेली दाखवलंय. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

एक तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. २८ ऑगस्ट १८५०ला वायमारमध्ये लिस्टने वाग्नरचा 'लोएनग्रिन' पहिल्यांदा रंगमंचावर आणला. त्या दिवशी जेनी 'अटलांटिक' नावाच्या आगबोटीवर भर समुद्रात होती, बार्नमकडे निघालेली. लोएनग्रिनमधली एल्सा, वर्षभराने आलेली 'रिगोलेत्तो'मधली जिल्दा, मग १८५३च्या 'ला त्राव्हियाता'मधली व्हायोलेटा. ऑपेरा नवं रूप घेत होता तेव्हाच ही बाई त्यातून निघून गेली. का? तर रंगभूमी म्हणजे पाप मानणाऱ्या धार्मिक मंडळींचा तिच्यावर पगडा बसला. ज्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याशी तिचं लग्न ठरलं होतं, तोही त्याच विचारांचा. लग्न मोडलं, पण ऑपेराही गेला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: हे नुकसान झालं, आणि ते टाळता आलं असतं.

मंद्रसाधना

पूर्णपणे असहमत. मी गाणं शिकवते (आपलं, हिंदुस्थानी), म्हणून गळ्याच्या बाजूने लिहिते.

२८ हा आकडा तुम्ही असा लिहिलाय, जणू ती नुकतीच रंगमंचावर आली होती. नऊ वर्षांची असताना मांजरीला मांडीवर घेऊन गात होती, ते एका नर्तकीच्या मोलकरणीने ऐकलं आणि तिथून ती शाही थिएटरच्या शाळेत पोचली. दहाव्या वर्षापासून रंगमंच. म्हणजे १८४९ पर्यंत १८-१९ वर्षांची चाकरी झाली होती.

आणि त्यात एकदा गळा गेलाही होता. १८४१ मध्ये ती पॅरिसला मानुएल गार्सियाकडे गेली तेव्हा आवाज घोगरा, थकलेला, मधल्या सप्तकात धूर भरल्यासारखा. गार्सिया म्हणजे लहानसहान माणूस नव्हे. छोट्या आरशाने जिवंत गळ्यातलं स्वरयंत्र पाहण्याची युक्ती पुढे १८५४ मध्ये त्यानेच काढली. त्याने तिला शिकवायलाच नकार दिला. आधी काही आठवडे गाणं पूर्ण बंद, मग बघू म्हणाला. त्यानंतर श्वास, आणि सपाट स्वर वर-खाली, हळूहळू. पलटे पुन्हा पहिल्यापासून, वीस वर्षांच्या नावाजलेल्या गायिकेला!

माझ्याकडे गेल्या वर्षी एक मुलगी आली. स्पर्धेमागून स्पर्धा, वरच्या पट्टीत जोर लावून गाणं. सोळाव्या वर्षी षड्ज लावताना आवाज फाटत होता. तिला मी महिनाभर फक्त ऐकायला बसवलं. घरच्यांची नाराजी घेतली. तिच्या डोळ्यांतली भीती मी विसरू शकत नाही: परत येईल ना आवाज? ती भीती एकदा अनुभवलेली बाई मोठ्या थिएटरात, वाद्यवृंदावर आवाज काढत रात्रीमागून रात्री किती वर्षं गाणार? तिने वेळेवर सोडलं, म्हणून १८८३ पर्यंत लोकांपुढे गाऊ शकली. मला तर हा शहाणपणा वाटतो.

कोकणकडा

मंद्रसाधना, गळ्याचं पटलं. पण तारसप्तक यांच्या बाजूने एक नाव सुचवतो: हेन्रिएट झोंटाग. बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगात, १८२४ साली, गायलेली सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका. एका काउंटशी लग्न झाल्यावर तिने रंगमंच सोडला. नवऱ्याची परिस्थिती खालावली तेव्हा १८४९ मध्ये, जेनीने रिकाम्या केलेल्या त्याच थिएटरात ती परत उभी राहिली. वय ४३. आणि लंडनने तिला डोक्यावर घेतलं. म्हणजे जपून गायलं तर गळा टिकत होता.

मंद्रसाधना

झोंटागचं पुढे काय झालं तेही लिहा की. पैशासाठी दौरे करत करत १८५४ मध्ये मेक्सिकोत कॉलऱ्याने गेली. रंगमंचावर परत येण्याची ती किंमत होती.

आणि झोंटागचा गळा मध्ये बरीच वर्षं दरबारी घरात विसावला होता. जेनीला तशी विश्रांती कधी मिळाली?

शेवंता_नागपूर

मला दोन्ही बाजूंना एक विचारायचंय. तिने नेमकं सोडलं काय? ११ सप्टेंबर १८५० ला न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमध्ये अमेरिकेतला पहिला कार्यक्रम झाला, त्यात 'कास्ता दिवा' होतं. नॉर्मातलंच ना ते? सोबत स्वीडनची गुराख्याची गाणी, पियानो स्वतः वाजवून. तिने गाणं टाकलं नाही, ऑपेराही पूर्ण टाकला नाही. टाकलं ते थिएटर, म्हणजे तिथले कंत्राटदार. बर्लिनमध्ये असताना लंडनच्या एका व्यवस्थापकाशी, आल्फ्रेड बनशी, करार करून बसली, मग माघार घेतली. १८४८ मध्ये कोर्टाने तिला २,५०० पौंड भरपाई द्यायला लावली. ज्याला सतत या असल्या लोकांत राहावं लागतं, त्याला विटायचा हक्क आहे.

बार्नमलाही कमी लेखू नका. जेनीचं गाणं कधी न ऐकता त्याने रात्रीला १,००० डॉलर कबूल केले, १५० कार्यक्रमांपर्यंत, आणि १,८७,५०० डॉलर आधी लंडनच्या बँकेत भरले. एवढी खात्री तिला कोणत्या ऑपेरावाल्याने दिली होती? जमेना तसं १८५१ मध्ये तिने त्याच्याशी फारकत घेऊन पुढचा दौरा स्वतः केला. पैसा मुख्यतः स्वीडनमधल्या मोफत शाळांकडे गेला. इंग्लंडमध्येही नॉर्विचच्या मुलांच्या रुग्णालयासाठी गायली. लग्नाशिवाय जन्मलेली, गरिबीत वाढलेली मुलगी शाळा काढते, याला मी तरी नुकसान म्हणणार नाही.

तारसप्तक

शेवंता, तिच्या दानतीबद्दल मला आदरच आहे. पण दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. शाळा निघाल्या म्हणून जिल्दा गायली गेली असं होत नाही.

'कास्ता दिवा'बद्दल: आपल्याकडे नाट्यपद मैफलीत गातात तेव्हा पद राहतं, प्रसंग जातो. नॉर्मा ही दोन मुलांची आई, शत्रूच्या प्रेमात फसलेली पुजारीण. मागचंपुढचं काढून टाकलं की उरते फक्त चंद्राची सुंदर प्रार्थना. टाळ्यांना तेवढी पुरते. मला नाही पुरत.

अनिकेत_बर्मिंगहॅम

इथून माल्व्हर्न जवळ आहे म्हणून लिहितो. त्या टेकड्यांतल्या विंड्स पॉइंटला तिचं घर होतं, तिथेच २ नोव्हेंबर १८८७ला ती गेली. ग्रेट माल्व्हर्नच्या दफनभूमीत पुरताना शोपँचा फ्यूनरल मार्च वाजवला होता. १८४८ मध्ये लंडनला शोपँने तिला ऐकलं होतं. तिच्या हळू आवाजातला स्वर केसासारखा एकसारखा आहे असं त्याने पत्रात लिहिलं. आता विचार करा, केसासारखा स्वर कुठे ऐकू येईल? ढोल-तुताऱ्यांच्या ऑपेरात की मैफलीत?

लंडनच्या नॉर्मात ती कमी पडली असंही तेव्हाचे समीक्षक म्हणत होते. ग्रीसी या इटालियन गायिकेच्या आगीची सवय झालेल्या कानांना जेनीची नॉर्मा फार मवाळ वाटली. म्हणजे तारसप्तक, तुम्ही हळहळताय त्या भूमिकांतल्या काही तिच्या नव्हत्याच.

तिचं खरं घर होतं ओरेटोरिओ, म्हणजे बायबलमधल्या कथांवरचं, अभिनयाशिवाय गायचं मोठं संगीत. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तिची प्रतिमा हेंडेलच्या पुतळ्याजवळ आहे. खाली त्याच्याच 'मेसाया' या ओरेटोरिओतली ओळ कोरलीय, 'माझा तारणहार जिवंत आहे हे मला ठाऊक आहे'. हेंडेलच्या पुतळ्यापुढच्या कागदावरही तेच गाणं आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा वाटलं, या बाईने आपली जागा चुकून नाही निवडली.

तारसप्तक

अनिकेत, तुमचं लिहिणं वाचून रात्री बराच वेळ बसून राहिलो. नॉर्मा मवाळ होती हे मान्य. व्हायोलेटाही कदाचित तिची नसती. तेवढं मागे घेतो.

पण एक ऑपेरा तिचाच होता, आणि तो मी सोडणार नाही. मेंडेल्सझोन तिच्यासाठी 'लोरेलाय' लिहीत होता. तिचा वरचा फा शार्प त्याच्या कानात बसला होता, त्याच्या 'एलाइजा' या ओरेटोरिओतल्या 'ऐक, इस्रायल' या गाण्यातही त्याने तो मनात धरलेला. नोव्हेंबर १८४७ मध्ये तो ३८व्या वर्षी गेला. 'लोरेलाय'चा उरला एक 'आवे मारिया', द्राक्षमळेवाल्यांचा एक कोरस आणि पहिल्या अंकाचा शेवट. पुढची दोनेक वर्षं तिच्याने त्याची गाणी गाववली नाहीत. अपवाद डिसेंबर १८४८चा: एक्सेटर हॉलमध्ये 'एलाइजा' गाऊन तिने त्याच्या नावाच्या शिष्यवृत्तीला १,००० पौंड जमवून दिले. पुढे पहिला विद्यार्थी निवडला गेला तो आर्थर सलिव्हन, नंतरचा नामवंत इंग्रज संगीतकार.

धार्मिक मंडळींना मी सुरुवातीला दोष दिला. आता वाटतं, ज्याने तिचा गळा ओळखून ऑपेरा लिहायला घेतला होता, तो माणूसच राहिला नाही. मग ती दीड वर्षात निघाली. तरीही मी याला नुकसानच म्हणतो. फक्त तिच्या माथी मारणार नाही.

मंद्रसाधना, ती सोळा वर्षांची मुलगी आता कशी आहे?

मंद्रसाधना

गातेय. खर्जापासून मध्य पंचमापर्यंत, रोज अर्धा तास. स्पर्धांचे फॉर्म तिच्या आईने यंदा भरले नाहीत. तार षड्जाला मी अजून हात लावू देत नाही.