'अजून एकच घास' म्हणणं बंद करावं का?

कापूसकोंडी
लेक २६ महिन्यांची. दीड महिन्यापासून आमच्या घरात 'अजून एकच घास' हे वाक्य बंद आहे. ताटलीत वाढायचं, शेजारी बसून आपणही जेवायचं, अर्ध्या तासाने ताटली उचलायची. चार घास खाल्ले तर चार, शून्य तर शून्य. मधे तोंडात टाकायला काही नाही, थेट पुढच्या वेळेला. त्याआधीचं वर्षभर मी आणि सासूबाई आळीपाळीने वाटी घेऊन तिच्या मागे धावत होतो. एका जेवणाला सव्वा तास, आणि शेवटी दोघींपैकी एक तरी रडकुंडीला.

माझं मत स्पष्ट आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. (ही वाटणी माझी नाही, एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची. १९८० च्या दशकापासून त्या हे सांगत आल्या.) बाळाचं वजन पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढच मंदावली तर भूक मंदावणारच. आपण घाबरतो आणि कोंबायला लागतो.

विरोधी मतं वाचायला आवडतील. सासूबाईंची ऐकून झाली आहेत.

दोन_नातवंडं
मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची, तेव्हा त्यांची वकिली करते. पोटाला कळतं, मान्य. पण खेळात रमलेल्या दोन वर्षांच्या पोराला आपल्याला पोट आहे हेच आठवत नाही. उपाशी झोपलं की रात्री दोनला उठून घर डोक्यावर घेतं, तेव्हा त्या सॅटरबाई येत नाहीत.

भरवणं आणि कोंबणं यात फरक आहे. मी नातवासमोर बसते, बोलते, घास पुढे करते. त्याने तोंड मिटलं किंवा मान फिरवली की हात मागे. याला जबरदस्ती म्हणायचं? आणि तापातून उठलेल्या लेकराला दोन घास आग्रहाचे लागतातच. तेव्हाही 'शून्य तर शून्य'?

तळ्यात_मळ्यात
आमच्याकडे तिसरा पक्ष: मोबाइल लावा, तोंड आपोआप उघडतं. वाटी पाच मिनिटांत रिकामी. आपण काय खाल्लं हे पोराला माहीत नाही, आणि पोट भरलं हेही. अभिमानाने सांगत नाहीये. पण दोघंही कामावरून दमून आलेले असताना आदर्श जेवण कुणाला जमतं, त्याने हात वर करावा.

कापूसकोंडी
@दोन_नातवंडं काकू, तुम्ही करता त्याला मी जबरदस्ती म्हणणार नाही. तोंड मिटल्यावर थांबणाऱ्या फार थोड्या असतात, एवढंच. आमच्याकडे तोंड मिटलं की विमान यायचं, विमानानंतर आगगाडी. आजारपणाचा मुद्दा मात्र मी लिहायला हवा होता.

@तळ्यात_मळ्यात, माझाही हात खालीच आहे.

अर्धविराम
'पोटाला कळतं' याचा पुरावा म्हणून ज्या प्रयोगाचं नाव घेतलं जातं, तो नीट वाचला की वेगळंच दिसतं. क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत नुकतंच दूध सुटलेल्या १५ बाळांना जेवण स्वतः निवडू दिलं. समोर वेगवेगळ्या वाट्या. नर्सने सुचवायचं नाही, आग्रह नाही, कौतुकही नाही. बाळाने हात पुढे केला किंवा बोट दाखवलं तरच चमचा उचलायचा. पोरांनी वाट्टेल ते केलं. कुणी सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी, कुणी रात्री अंडी, केळी आणि दूध. आज एकाच पदार्थाचा सपाटा, चार दिवसांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तरी मुलं छान वाढली. मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) झालेल्या एका बाळाला कॉड माशाच्या यकृताचं तेल रोज समोर ठेवलं होतं. बरं होईपर्यंत ते आपणहून पीत राहिलं, मग सोडून दिलं.

लोक गोष्ट इथे संपवतात. पण १९३९ च्या अहवालात बाईंनीच सांगून टाकलंय की खरी मेख यादीत होती. तीसहून जास्त पदार्थ, सगळे साधे आणि ताजे. साखर नाही, मैदा नाही, डबाबंद काही नाही. त्या यादीतून कसंही निवडलं तरी वाईट निवडताच येत नव्हतं. प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून पुढचा प्रयोग करायची त्यांची इच्छा होती, मंदीत पैसा आटला आणि तो राहिला.

तेव्हा पोटाच्या शहाणपणाचं फार कौतुक नको. त्या वाट्यांच्या शेजारी बिस्किटांचा पुडा ठेवून बघा, शहाणपण किती टिकतं.

निळी शाई
माझा अनुभव लिहिते, कारण मी याच 'त्याला कळतं' वर विसंबून फसले.

मुलगा २० महिन्यांचा असताना जेवायचा नाही, पण दूध मागेल तेव्हा मिळायचं. दिवसाला ९०० मिलीच्या आसपास. वजन उत्तम, गाल गुबगुबीत, सगळे म्हणायचे काय बाळसं आहे! फक्त चिडचिड फार आणि सारखा कुंडीतली माती खायचा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.१, म्हणजे बरंच कमी.

डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं. गाईच्या दुधात लोह नसल्यात जमा. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं दुसऱ्या अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. वर पोट दुधाने भरलेलं, म्हणजे डाळ, अंडं, मांस, पालेभाजी यांना जागाच नाही. दूध ४०० मिलीवर आणलं, लोहाचं औषध सुरू केलं, जेवणात लिंबू, संत्रं असं क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी असेल असं बघितलं. काही आठवड्यांत माती सुटली, भूक लागायला लागली.

त्याचं पोट रोज 'भरलं' असंच सांगत होतं. खोटं नव्हतं ते. पण लोह कमी पडतंय हे पोटाला कुठून कळणार?

कापूसकोंडी
वाचून धस्स झालं. तरी हा दोष स्वातंत्र्याचा नाही, 'काय आणि कधी' मोठ्यांनी सोडून दिल्याचा आहे, असं मला वाटतं. दूध हे पाणी नाही, खाणं आहे. त्यालाही वेळ हवी.

अर्धविराम
तुमच्याकडे दूध किती जातं?

कापूसकोंडी
झोपताना एक बाटली. पहाटे उठली तर आणखी एक. मोजलेलं नाही. उद्या मोजून सांगते.

चमचाभर
बालकांची वजनं घेणं हेच माझं काम, म्हणून थोडं लांब लिहिते.

बहुतेक पालक एकच आकडा घेऊन घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते सहा देशांतल्या सुमारे ८,५०० निरोगी मुलांवरून केले आहेत. त्यात दोन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन ११.५ किलो आणि मुलाचं १२.२. मधलं म्हणजे निम्मी निरोगी मुलं त्याच्या खालीच असणार. तक्त्यातल्या तिसऱ्या रेषेवरचं (शंभरातली तीनच मुलं जिच्या खाली असतात ती रेषा) मूलसुद्धा निरोगी असू शकतं, आईबाप चणीने लहान असले तर बऱ्याचदा असतंच. बघायचं ते रेषेच्या दिशेकडे. आपल्या रेषेला समांतर चाललंय तर चालू द्या. एकेक रेषा ओलांडत खाली घसरत असेल तर मात्र 'शून्य तर शून्य' पुरे झालं, डॉक्टरांना दाखवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, तिथे अशा चर्चेला जागाच नाही. मुदतीआधी जन्मलेली, गिळताना सारखी ठसका लागणारी, ठरावीक दोन-तीन पदार्थांपलीकडे कशाला हात न लावणारी मुलं, यांनाही इथला कुठलाच नियम जसाच्या तसा लावू नका.

आजीबाईंचा आजारपणाचा मुद्दा बरोबर आहे. आजारात थोडं थोडं, मऊ, आवडीचं आणि पातळ पदार्थ जास्त. बरं झाल्यावर काही दिवस नेहमीपेक्षा जास्त वेळा. सावकाश, धीराने प्रोत्साहन द्यावं पण बळजबरी करू नये, हेच संघटनेचंही सांगणं आहे. म्हणजे त्या करतात तेच.

आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते: अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे, पॉपकॉर्न एवढ्या लहानग्यांच्या ताटलीत नकोत. घशात अडकतात.

तळ्यात_मळ्यात
मग आग्रह करून फायदा होतो की नाही? सरळ उत्तर द्या कुणीतरी.

अर्धविराम
सरळ उत्तर मिळणं अवघड. २००६ मध्ये अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सूप देऊन बघितलं. एका सूपच्या वेळी 'संपव, संपव' म्हटलं, दुसऱ्याच्या वेळी काही नाही. आग्रह झाला ते सूप मुलांनी कमी प्यायलं आणि नावंही जास्त ठेवली. हा गुण कापूसकोंडीला.

बक्षिसाचं उलटसुलट आहे. 'भाजी खा, मग गोड देते' यात भाजी शिक्षा होते आणि गोडाचा भाव वाढतो. पण ब्रिटनमध्ये २०११ च्या एका प्रयोगात मुलांनी नावडती भाजी नुसती चाखली की स्टिकर दिला, तर ती भाजी आवडायलाही लागली. म्हणजे बक्षीस खाऊचं नसावं आणि मागणी एका कणापुरती असावी, असं मला त्यातून दिसतं.

आणि नवा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्या नकारालाच 'तिला आवडत नाही' असा शिक्का मारतो.

निळी शाई
पंधरा वेळा फेकून द्यायला अन्न आणायचं कुठून, हे कुणी लिहीत नाही. मी नखाएवढाच तुकडा ठेवते. फेकला तर जीव जळत नाही.

तळ्यात_मळ्यात
स्टिकर लावून बघितला. गाजराचा एक कण जिभेला लागला, लगेच थुंकला, तरी स्टिकर मागून घेतला. वकील होणार हा.

चमचाभर
जिभेला लागला ना? मोजा एक.

बाय द वे, ब्रिटनमधल्या जेमिनी या जुळ्यांच्या अभ्यासात खाण्याच्या नखऱ्यांचा मोठा वाटा आनुवंशिक निघालाय. दोन ते सहा वयात नव्या पदार्थाचा संशय सगळ्यात जास्त असतो. एकाच घरात एक मूल सगळं खातं आणि दुसरं नाक मुरडतं, त्यात दर वेळी आईचं चुकलेलं नसतं.

दोन_नातवंडं
हे माझ्या सुनेला वाचून दाखवते. लहानपणी माझा मुलगाच असा होता, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

कापूसकोंडी
मोजलं. झोपतानाची बाटली २६०, पहाटेची २४०, आणि संध्याकाळी सासूबाई 'काही खाल्लं नाही बिचारीने' म्हणून एक पेला देतात हे आजच कळलं, तो १८०. एकूण ६८०.

म्हणजे दीड महिना मी 'तिची भूकच कमी आहे' म्हणून निवांत होते, त्यातली निम्मी भूक बाटलीत होती. मत बदललेलं नाही, 'अजून एकच घास' बंदच राहणार. पण 'कधी' माझ्या हातात आहे असं वर ठासून लिहिलं होतं, ते मागे घेते.

दोन_नातवंडं
पहाटेची आधी बंद कर, दोन-तीन रात्री रडेल. झोपतानाची पेल्यातून दे आणि दात घासायच्या आधी. संध्याकाळच्या पेल्याचं सासूबाईंना तूच सांग, नवऱ्याकरवी नको.

कापूसकोंडी
सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर आपण दोघी पोट भरलेल्या पोरीच्या मागे धावत होतो?"