पाणी समितीत निम्म्या बायका आहेत, मग आराखड्यात नेमकं काय लिहायचं? (पेठ-त्र्यंबकचे पाडे)

घाटमाथा_नोंदी:
नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या चार पाड्यांचा पाणी आराखडा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याला जोडायचा आहे. त्यात 'हवामान बदल आणि महिला' असा एक भाग हवा आहे. इतर गावांचे नमुने पाहिले तर सगळीकडे तीच दोन वाक्यं: 'महिलांवर विपरीत परिणाम होतो. जनजागृती करण्यात यावी.' असलं काही लिहायचं नाही.

पावसाळ्यात इथे धो धो पडतं आणि फेब्रुवारी संपता संपता झरे बारीक होतात. एप्रिल-मेमध्ये टँकर. पाणी समितीत निम्म्या महिला आहेत, सह्याही आहेत, पण टाकी कुठे बसवायची आणि पाणी किती वाजता सोडायचं हे दुसरेच ठरवतात. वनपट्टे बरेच मिळालेत, काही फक्त नवऱ्याच्या नावावर आहेत. आराखड्यात काय मोजून टाकावं? आणि कोणत्या कामाला पैसे मागावेत, म्हणजे फरक पडेल? कळशी-हंड्यापर्यंतचा तपशील चालेल.

---

झरा_आणि_विहीर:
आधी खेपा मोजा. 'महिलांचा वेळ जातो' असं लिहिलं तर कोणी वाचत नाही, आकडा टाकला की वाचतात.

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. टंचाईत टँकरचा हिशोब माणशी २० लिटरचा, म्हणजे त्याच घराला १००. डोक्यावर १२ लिटरचा हंडा आणि त्यावर ५ लिटरची कळशी धरली तर एका खेपेला १७ लिटर. १०० लिटरला ६ खेपा. जाणं १५ मिनिटं, भरणं १०, चढ चढून येणं १५ असं धरलं तरी ४ तास गेले, आणि यात गुरांचं पाणी नाही, धुणं नाही. २७५ लिटरला १६-१७ खेपा लागतील, म्हणजे ते होतच नाही. मग कशावर काट मारली जाते? अंघोळ, कपडे, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता. आराखड्यात हे तिन्ही शब्द स्पष्ट लिहा, 'स्वच्छतेवर परिणाम' असं गुळमुळीत नको. खेपा कोण करतं तेही लिहा. शाळेतल्या मुली करत असतील तर मार्च ते मे ची शाळेची हजेरी शेजारच्या रकान्यात टाका.

आता झरा. दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. बादली भरायला ५ मिनिटं लागली तर मिनिटाला २ लिटर, दिवसाला २,८८० लिटर. २० लिटरच्या हिशोबाने १४४ माणसांना पुरेल इतकं! तरीही तिथे भांडणं होतात, कारण पाणी साठवायला जागा नाही. १२ लिटरचा हंडा भरायला ६ मिनिटं, म्हणजे रांगेतल्या दहाव्या बाईची पाळी ५४ मिनिटांनी येते. रात्री ९ ते पहाटे ५ या आठ तासांत ९६० लिटर नाल्यात वाहून जातं. बायका पहाटे तीनला डवऱ्यावर (पाणी साचायला उकरलेल्या खड्ड्यावर) जाऊन बसतात त्या यासाठीच.

त्यामुळे नव्या विहिरीच्या आधी झऱ्याखाली ३,००० लिटरची टाकी मागा. झऱ्याच्या तोंडाशी दगडी बांधकामाची झाकलेली पेटी, आत गाळ बसायला एक कप्पा, त्यातून पाइप टाकीत, आणि जास्तीचं पाणी गुरांच्या हाळात. झरा 'मोकळा करायला' सुरुंग लावू देऊ नका. बेसॉल्टच्या भेगा हलल्या की पाणी भलत्याच ठिकाणी फुटतं, मग हाती काही नाही. झऱ्यात पाणी जिथून येतं, त्या वरच्या अंगाला समतल चर घ्यायचे. चर झऱ्याच्या खाली घेतले तर कागदोपत्री काम होतं, झऱ्याला थेंबाचा फायदा नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, बादलीची मोजणी. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की झरा किती लवकर आटतोय ते दिसेल, आणि नोंदी पुढे चालू ठेवल्या की हवामान बदलाचं तुमच्या गावचं म्हणणं तेच.

टँकर विहिरीत ओतू नये. थोडं पाणी भेगांतून जातं, गाळ ढवळतो, आणि पुन्हा दोर टाकून काढायचं किंवा आत उतरायचं काम बायकांचंच. रस्त्याकडेला ५,००० लिटरच्या दोन टाक्या आणि सहा तोट्या, एवढ्याने विहिरीत उतरणं थांबतं.

---

फेरफार_बघणारा:
वनपट्ट्यांचं आधी तपासा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार दावेदार विवाहित असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघायला हवा. एकट्या कर्त्याच्या कुटुंबाला एकट्याच्या नावे. तुमच्याकडे एकाच नावाचे निघालेत ते वेगळे काढून यादी करा (पट्टा क्रमांक, क्षेत्र, पत्नीचं नाव) आणि ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे दुरुस्तीला पाठवा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. ही हजेरी इतिवृत्तात आकड्याने लिहिलेली नसेल तर ठराव लंगडा पडतो.

हे हवामानाशी कसं जोडलंय? नुकसान झालं की पंचनामा होतो खातेदाराच्या नावाने. पीक पाहणी, पीक विमा, मदत, बहुतेक सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला. नवरा वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेला, नागली-वरई बाईने लावलेली, अवकाळीत गेली, आणि पैसे ज्या खात्यात येतात ते तिला चालवता येत नाही. ती शेतकरी नसते, 'खातेदाराची पत्नी' असते.

मालकीच्या जमिनीला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, १९९२ पासूनची. नवऱ्याने तलाठ्याकडे साधा अर्ज करायचा, पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लागतं. फेरफार नोंदला की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. गाडं अडतं ते बहुतेक वडिलोपार्जित सामाईक गटात, कारण मुळात नवऱ्याचाच हिस्सा वेगळा निघालेला नसतो. विधवांची वारस नोंद याच्याआधी घ्या, तिथे वेळ सर्वांत महाग पडतो.

जाता जाता: धरणाखालच्या गावांतही हीच मेख आहे. दिंडोरीकडे वाघाड प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था करतात, काम नाव घेण्यासारखं आहे. पण सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. नाव नाही तर मत नाही, दारं धरायला रात्रभर उभी राहिली तरी.

---

कादवाकाठ:
वरचं सगळं मान्य, पण 'महिला' म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरू नका. निफाडची द्राक्ष बागाईतदारीण आणि तिच्या बागेत विरळणीला आलेली सुरगाण्याची मजूर, दोघींचं नुकसान एकाच पावसाने होतं, पण एकच नाही होत.

तुमच्या पाड्यांतून द्राक्षबागांत मजुरीला टोळ्या येत असतील तर आराखड्यात ते चार-पाच महिने धरलेच पाहिजेत. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात अवकाळी आला की डाऊनी (बुरशीचा रोग) आणि घडकूज. बागाईतदार पाऊस उघडला की लगेच फवारतो, कधी दिवसाआड. एरवी फवारणी आणि मजूर आत जाणं यात अंतर राहतं, पावसाळी हवेत ते अंतरच उरत नाही. ब्लोअर चालवतो पुरुष, त्याला निदान मास्क मिळतो. ओल्या पानांत हात घालून विरळणी आणि डीपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) करतात बायका, बिनहातमोज्याच्या. बांधावर पाटी लावायची: काय फवारलं, कधी, आत कधी जायचं (औषधाच्या लेबलवर असतं). नायट्राइलचे हातमोजे, आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे. मजुरी उक्ती असेल तर पावसात खाडे झालेल्या दिवसांचं काय, हे टोळी निघण्याआधी मुकादमाशी ठरवावं लागतं. नंतर कोणी ऐकत नाही.

उन्हाळी कांद्याच्या काढणीतही तसंच. बांधावर आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणीच कमी पितात. चाळीस डिग्रीत ते मूत्रमार्गाच्या त्रासाला आणि उष्माघाताला आमंत्रण. ओआरएसची पाकिटं वाटून हे सुटत नाही, आधी आडोशाचं बघा.

आणि पुरुषांचाही रकाना ठेवा. शेतीच्या वीजवाहिनीला रात्रपाळी लागली की पाणी भरायला पुरुष जातात. बिबट्या, साप, ओल्यात शॉक, हे त्यांच्या वाट्याला. दिवसा वीज मागणं हाही याच भागातला मुद्दा आहे.

एक विनंती. 'आपत्तीत स्त्रिया चौदापट जास्त मरतात' हे वाक्य फिरत असतं, त्याचा मूळ अभ्यास सापडत नाही, ते घालू नका. घालायचंच तर २००७ साली प्रसिद्ध झालेला १४१ देशांचा अभ्यास आहे: आपत्तींनी स्त्रियांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, आणि जिथे स्त्रियांची आर्थिक-सामाजिक स्थिती बरी तिथे ही दरी कमी होते. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२४ चा अहवाल: ग्रामीण भागात स्त्री कर्ती असलेल्या कुटुंबांचं उत्पन्न पुरुष कर्ता असलेल्यांच्या तुलनेत उष्णतेच्या ताणाने ८ टक्के आणि पुराने ३ टक्के जास्त बुडतं.

---

घाटमाथा_नोंदी:
झऱ्याची मोजणी आणि पट्ट्यांची यादी लगेच सुरू करता येईल. समितीचं मात्र अजून अडलंय. बायका बैठकीला येतात, मागे बसतात, रजिस्टर फिरतं, सही होते. हे कसं फोडायचं?

---

झरा_आणि_विहीर:
बोलायला लावून फुटत नाही, कामं हातात देऊन फुटतं. व्हॉल्व्हची चावी कोणाकडे आहे ते बघा. चावी ज्याच्याकडे, वेळापत्रक त्याचं. पाणी सोडणाऱ्याचं मानधन समितीतल्या दोघींना वाटून द्या, एकीला ताप आला तरी दुसरी आहे.

पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण गावातल्या पाच महिलांना द्यायची जलजीवनमध्ये तरतूद आहे. किट बहुतेक ग्रामपंचायतीच्या कपाटात सीलबंद असतं, आधी मुदत संपलीय का बघा. टीसीएलचं (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं) कामही त्यांच्याकडेच द्या: हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, आधी बादलीत कालवून वरचं निवळ टाकायचं, तासाभराने क्लोरीन ०.२ पीपीएमच्या वर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बहुतेक वेळा पावडर ओल धरून मेलेली असते. पोत्याचं तोंड उघडं ठेवलं की हे होतंच.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, कायद्यातच आहे. ती सकाळी अकराला लावली तर कोणी येणार नाही, भात लावणीच्या दिवसांत तर नाहीच. पाड्यावर, जेवणं झाल्यावर घ्या. विषय एकच ठेवा, टाकीची जागा. चुन्याची फक्की घेऊन जागेवर जा आणि बायकांना आखू द्या. त्या कुठे आखतील ते इतिवृत्तात मोजमापासह लिहा, म्हणजे ठेकेदाराला सोयीची जागा निवडता येत नाही.

तोटीची उंचीही त्याच वेळी ठरवून घ्या. नकाशात एकच ओटा असतो. दोन हवेत: खालच्या ओट्यावर हंडा भरायचा, तोटी त्याच्या तोंडाच्या वितभर वर. शेजारी कमरेइतका दुसरा, भरलेला हंडा दोन टप्प्यांत त्यावर ठेवून तिथून डोक्यावर घ्यायला. तो नसला की हंडा डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते, आणि गरोदर बाई सरळ वाकून उचलते. दुसऱ्या ओट्याला सिमेंटची दोन-तीन पोती जास्त लागतील, अंदाजपत्रकात आत्ताच धरा.