मे महिना आणि तेलकट चेहरा : काय जमलं, काय फसलं?

पाडव्याला कडुनिंबाची पानं पुढे करताना आमची आजी दरवर्षी म्हणायची, "खा, रक्त साफ राहतं, तोंडावर काही येत नाही." माझी पानं दरवर्षी खाऊन झाली. आणि वयाच्या 14 व्या वर्षापासून तोंडावर सगळंही येऊन गेलं. "विशीत जाईल", "लग्न झालं की जाईल", "बाळंतपणात जाईल" असे एकेक मुहूर्त टळत गेले. आता 36 वर्षांची आहे. फेब्रुवारी संपला की नाक, कपाळ आणि हनुवटी चमकायला लागते आणि डोंबिवलीहून निघालेली मी दादरला उतरेपर्यंत मामेभावाच्या भाषेत "पुऱ्या तळून निघतील" अशी होते.

माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. कॉलेजात असताना मी दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुवायचे. धुतलं की दहा मिनिटं चेहरा ताणलेल्या डफासारखा, अर्ध्या तासाने पुन्हा तेल. दुसरी चूक त्याहून भारी : मावसबहिणीच्या हळदीच्या सकाळी लिंबू चोळलं आणि दिवसभर मांडवाबाहेर उन्हात पाहुण्यांची ने-आण केली. गालावर लिंबू जिथून ओघळलं होतं तिथे तपकिरी पट्टा उठला, तो दिवाळीला गेला. लग्नाच्या फोटोंत मी सगळीकडे उजव्या बाजूने उभी आहे.

तर या धाग्यावर भोगलेलं लिहा, ऐकीव नको. आणि गाव जरूर लिहा. घाम अंगावर वाळतो की अंगावरच राहतो, यावर निम्मा उन्हाळा ठरतो.

अकोला

आमचा घाम तर दिसतच नाही, बाप्पा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की घाम आला कधी, वाळला कधी पत्ता लागत नाही. संध्याकाळी शर्ट काढला की पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे.

मी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, दिवसभर मोटरसायकलवर. कपाळावर पुटकुळ्यांची रांग यायची, अशी सरळ की पट्टी लावून आखली असावी. दोन वर्षं मी पोटाची उष्णता समजून गुलकंद खाल्लं, सब्जा प्यायलो. वजन वाढलं, रांग तशीच. डॉक्टरबाईंनी चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हेल्मेट कुठे आहे?" बाहेरून आणलं. आतलं काळं अस्तर त्यांनी बोटाने दाबलं तर बोट ओलं! मलाच शरम वाटली. जिथे अस्तर घासतं तिथेच रांग होती. आता दर रविवारी अस्तर काढून धुतो, आत सुती रुमाल बांधतो, असे तीन रुमाल दिवसाला लागतात. दोन महिन्यांत रांग मोडली.

एक गोष्ट बायकोला माहीत नाही (हे ती वाचत नसेल अशी आशा आहे). आमच्या कोरड्या हवेत चेहरा तेलकट असूनही गालाची साल निघायची. तिच्या डबीतलं पाणीदार मॉइश्चरायझर चोरून लावायला लागलो तेव्हा ते थांबलं. तेलकट चेहऱ्याला वरून काही लावायचं नसतं, असं मी पन्नाशीपर्यंत धरून बसलो होतो.

वसई

अकोल्याच्या मेहुण्यांनी प्रेमाने कूलर पाठवला होता. इथल्या दमट हवेत तो लावला की खोलीत बसल्या बसल्या पापड सादळतो आणि माणूसही. हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यात कूलर आणखी पाणी सोडणार. शेवटी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो.

माझा त्रास पाठीचा. जिममधून घामेजल्या टी-शर्टवरच लोकल पकडायची सवय. पाठ, खांदे, छातीवर बारीक बारीक फोड, सगळे एकाच मापाचे, आणि खाज. पिंपल्स समजून दोन महिने पिंपल्सचं मलम लावलं, काही फरक नाही. नंतर कळलं की ती केसांच्या मुळाशी वाढणारी बुरशी. केटोकोनॅझोलचा शाम्पू आंघोळीच्या वेळी पाठीला लावून पाच मिनिटं थांबायला सांगितलं. तीन आठवड्यांत पाठ निवळली. आता जिमच्या पिशवीत कोरडा टी-शर्ट असतो. पिंपल्सना सहसा एवढी खाज नसते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

पुणे

स्कार्फ. फक्त डोळे उघडे. ऊन लागत नाही, धूळ लागत नाही, कॉलेजसमोर काका दिसले तर ओळखत नाहीत. पण एकच स्कार्फ आठवडाभर वापरला तर हनुवटीवर त्याची पावती मिळते. रोज धुवा. संपलं.

नाशिक

मुलगा नववीत. मुंजीला गेलो तर प्रत्येक आत्याने त्याची हनुवटी धरून वर केली आणि उपाय सांगितला. घरी येऊन त्याने सगळ्या फोडांवर टूथपेस्ट लावली. सकाळी फोड होतेच, भोवती भाजल्यासारखी लाल कडीही होती. त्या दिवशी तो शाळेत गेला नाही आणि मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तोवर मी "वयात आलं की होतंच" म्हणून सोडून देत होते. मलाही झालं होतं, मलाही असंच सोडून दिलं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी रात्री लावायला अ‍ॅडापलीन दिलं आणि सकाळी 2.5 टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड. दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. एक, फक्त फोडावर ठिपका द्यायचा नाही, वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पातळ फिरवायचं. दोन, तीन महिने थांबायचं. तिसऱ्या आठवड्यात चेहरा आधीपेक्षा वाईट झाला. तो म्हणाला, "आई, बंद करू?" मी फोन केला, तर एक दिवसाआड लावून पुढे चालू ठेवा म्हणाले. दहाव्या आठवड्यात फोड येणं थांबल्यासारखं झालं. डाग अजून आहेत, ते हळूहळू जातायत.

माझ्या निळ्या टॉवेलवर आणि दोन उशांच्या अभ्र्यांवर मात्र पांढरे ठिपके पडलेत. बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं. पांढरे अभ्रे घ्या, एवढंच माझं ज्ञान.

सांगली

मला लिहायला वेळ लागला, कारण माझी चूक मी बरीच वर्षं लपवली.

गावातल्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. चिठ्ठी लागली नाही, दुकानदारानेच दिली : "ताई, सगळ्यावर चालते." बुरशी, खाज, मुरूम, डाग, रंग, सगळ्यावर. आणि चालली! चार दिवसांत फोड बसले, चेहरा गुळगुळीत, उजळ. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या काय लावतेस म्हणून. मी दोघीतिघींना नावही सांगितलं. त्याचं आजही वाईट वाटतं.

दीड वर्ष लावली. एका चैत्रात शेतावर गेले तर ऊन लागताच गाल पेटले. चुलीपाशी बसवेना. गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, ओठांवर लव वाढली. ट्यूब बंद केली की चौथ्या दिवशी एवढे फोड यायचे की पुन्हा ट्यूब घ्यायची. मला वाटायचं, बघा, औषध सोडलं की रोग येतो. खरं म्हणजे रोग औषधाचाच होता. शहरातल्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. तीन औषधांचं मिश्रण, त्यात एक तीव्र स्टेरॉइड. त्वचा पातळ झाली होती.

सुटायला सात महिने लागले. पहिले दोन महिने मी पदर तोंडावरून घेऊनच बाहेर पडायचे. गार पाण्याच्या घड्या, साधं मॉइश्चरायझर, त्यांनी दिलेली औषधं. आरशावर नवऱ्याने वर्तमानपत्र चिकटवलं होतं, माझ्याच सांगण्यावरून. आता चेहरा बरा आहे, पण भर उन्हात पाच मिनिटांत लाल होतो, तो होतोच. ट्यूबच्या मागे '-सोन' किंवा 'क्लोबेटासॉल' असं काही वाचलंत (स्टेरॉइडची नावं अशी असतात) तर चेहऱ्याला लावण्याआधी डॉक्टरला विचारा, दुकानदाराला नाही. आणि आधीच बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम सोडूही नका, दाखवून मग सोडा.

मडगाव

आमच्याकडे खोबरेल तेलाविरुद्ध बोलणं म्हणजे घरात भांडण. तरी सांगतो. रात्री डोक्याला चोपून तेल, सकाळी कपाळावर केसांच्या कडेकडेने पुरळ. उन्हात तेल ओघळतं ते कपाळावरच. आंघोळीआधी तासभर लावून धुवायला लागलो, पुरळ गेलं. आई अजून म्हणते विहिरीच्या पाण्याने गेलं. दुपारी सोलकढी आहेच, तिला कोणी काही म्हणू नये.

सोलापूर

मी कडक भाकरीचा व्यवसाय करते. दोन चुली, रोजच्या 200 भाकऱ्या. चुलीकडची बाजू कायम भाजलेली, पलीकडची तेलकट. पीठ गालाला लागतं, घामाने त्याचा लगदा होतो. पूर्वी पदराने खसाखसा पुसायचे, त्याने फोड फुटून चिघळायचे. आता जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे माठाच्या पाण्यात भिजवून ठेवते आणि नुसते टिपते, चोळत नाही. काम संपलं की एकदाच साबण. क्रीमबीम मला परवडत नाही आणि चुलीपुढे टिकतही नाही.

पण मला फोडांपेक्षा दुसरं सांगायचंय. तीन वर्षांपूर्वी नवतपात (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) दुपारी बारा वाजता माझ्याकडे कामाला येणारी मुलगी भाकरी थापता थापता काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. मी म्हटलं चेष्टा करते. हात लावला तर अंग तव्यासारखं. शेजारच्यांनी तिला सावलीत ओढून बादल्या ओतल्या, दोघांनी पुठ्ठ्याने वारा घातला, तसंच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वाचली. डॉक्टर म्हणाले, बडबडायला लागलं की उष्माघात समजायचा, तोंडात पाणी ओतायचं नाही, अंगावर ओतायचं. तेव्हापासून नवतपात आमची चूल पहाटे चारला पेटते आणि नऊला विझते. ताक सगळ्यांना माझ्याकडून.

एक निवासी डॉक्टर, त्वचारोग विभाग

रात्रपाळी आहे, थोडक्यात लिहिते. घाम आणि तेल यांच्या ग्रंथी वेगळ्या. त्वचा तापली की तेल पातळ होऊन जास्त पसरतं, घामाने छिद्राचं तोंड फुगतं, त्यात मेलेल्या पेशी अडकतात आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या जिवाणूंना फावतं. 'पोटातली उष्णता' यात कुठे बसत नाही. पण ताक, पन्हं पिऊन तुम्ही सरबताच्या बाटल्या कमी करत असाल तर जरूर प्या, खूप साखरेने काहींचे मुरूम वाढतात. जिमवाल्यांनी व्हे प्रोटीनकडेही (दुधापासूनची प्रथिनांची पावडर) पाहावं, त्यानेही काहींचे वाढतात.

घामोळ्या म्हणजे घामाच्या नळीचं तोंड बंद होणं. त्यावर जाड पावडरचा थर किंवा तेल नको. गार हवा, सैल सुती कपडे पुरतात. सनस्क्रीन जेलचं घ्या, एसपीएफ 30 किंवा जास्त. तेलकट त्वचेचे लोक ते टाळतात आणि मग मुरमांचे डाग उन्हाने गडद करून आणतात. हनुवटी-जबड्यावर मोठे फोड आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन्सचा विकार) तपासणी करून घ्या. आणि मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून कधीही नाही. गरोदरपणात त्या बाळाला गंभीर इजा करतात. सुरू करण्याआधी तपासण्या असतात त्या यासाठीच. अ‍ॅडापलीनही गरोदरपणात बंद.

सांगलीच्या ताई, तुमच्यासारख्या बाया आठवड्याला दोन-तीन तरी पाहते. लाज तुम्ही वाटून घेऊ नका.

दुबई

इथे बाहेर भट्टी, आत फ्रीज. दिवसातून दहा वेळा आतबाहेर. एसीत चेहरा सुकतो, गाडीपर्यंत गेलं की तेल. ऑफिसात टिपकागद ठेवलाय, पावडर नाही.

रत्नागिरी

सगळे आंब्याला शिव्या देतात म्हणून लिहितोय. आमच्या घरात पेट्या भरतात, आम्ही हंगामभर खातो. ओठाच्या कोपऱ्यात जे भाजल्यासारखं होतं ते बहुतेक वेळा देठाच्या चिकाने. आंबा तासभर पाण्यात टाका, देठाकडचा भाग कापून टाका, मग खा. बाकी दोष हापूसला देऊ नये.

डोंबिवली (धागा काढणारी)

सगळं वाचलं. सांगलीचा अनुभव मी दोनदा वाचला आणि उठून कपाटातली एक ट्यूब उलटी करून पाहिली. '-सोन' निघालं. नणंदेने दिली होती, अजून फोडली नव्हती.

सोलापूरच्या ताईंचं ओल्या धोतराचं उद्या लोकलमध्ये करून बघणार. आमच्याकडे धोतर नाही, यजमानांचा जुना बनियन आहे.

लिहीत राहा. बाथरूममधून मुलगी ओरडतेय, "आई, नाकावर एक आलाय, टूथपेस्ट लावू का?" पळते.