गौरीजेवणाला 45 पानं: ताटं घासायची की पत्रावळ्या आणायच्या?

शेवंती (वाघोली, पुणे)

नमस्कार मंडळी. यंदा गौरीजेवणाची पाळी आमच्याकडे आहे. आम्ही तिघी जावा आळीपाळीने करतो. घरचे, माहेरचे, सासूबाईंच्या मामेबहिणी, मुलांचे मित्र असे सगळे धरून 45 पानं होतील, त्यात बारा मुलं. सोसायटीत पाणी टँकरचं, तेही सकाळ-संध्याकाळ तासभर.

तीन वर्षांपूर्वी आमची पाळी होती तेव्हा मी हौसेने पानांच्या पत्रावळ्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "पूर्ण पळस आहे ताई, मातीत टाकली की माती." जेवणं झाल्यावर सगळ्या फाडून गच्चीवरच्या खताच्या पिंपात घातल्या. मार्गशीर्षात पिंप उपसलं. पानं कुजून गेली होती, पण पत्रावळीच्या आकाराचा पारदर्शक कागद तसाच होता. पान आणि पुठ्ठा यांच्यामध्ये प्लास्टिक चिकटवलेलं होतं. साच्यात दाबल्याच्या चुण्यासुद्धा कडेने जशाच्या तशा. खताने माखलेले ते फाटके तुकडे मी दोन दुपारी बसून वेचले. दोन वर्षं जपलेलं खत होतं ते. आजही आठवलं की जीव हळहळतो.

दुसरं, अन्न. तेव्हा मी तीन किलो डाळीचं पुरण आणि साडेतीन किलो भात केला होता. पाहुण्यांना कमी पडू नये एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी गौरी निघाल्या आणि संध्याकाळी मी आंबलेला भात बादलीत ओतला. ज्या हाताने नैवेद्य दाखवला त्याच हाताने.

स्टीलची ताटं काढावीत असं मन म्हणतं, पण पाण्याचं काय? आणि घासणार कोण? धाकट्या जावेची कंबर धरलेली असते. कामाला येणाऱ्या मावशींना सणाच्या दिवशी 45 ताटं घासायला लावणं मला पटत नाही. प्रमाण किती घ्यावं, सोळा भाज्यांचं कसं करावं, अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

माई_सातारा

शेवंती, बाळा, आधी भाताचं सांगते, कारण वाया जातो तो भातच. पुरणपोळीच्या पानावर मुदीपुरता भात लागतो. माणशी 50 ग्रॅम तांदूळ धर, म्हणजे सव्वादोन किलो झाले. तेही एकदम शिजवू नकोस. तुझ्याकडे दोन पंगती होणारच. पहिली पंगत ताकावर आली की दुसरीचा भात लाव, किती खाल्ला गेला ते डोळ्यांसमोर असतं. शिट्ट्या झाल्या की कुकर गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेव, तासभर गरम राहतो, पुन्हा गॅस पेटवावा लागत नाही.

पोळ्या. किलोभर हरभरा डाळीत माझ्या हाताच्या मध्यम 40 पोळ्या होतात. मोठी माणसं दीड खातात, मुलं अर्धी टाकतात. त्यांना अर्धीच वाढायची, हवी तर परत. सत्तर पोळ्या धर, पावणेदोन किलो डाळ पुष्कळ झाली. डाळ तीन तास भिजवलीस तर गॅस निम्मा लागतो. पुरण सगळं वाटून ठेव, पण पोळ्या आधी पन्नासच लाट. बाकीचं पुरण पोळीपेक्षा चांगलं टिकतं. उलथणं उभं राहील इतकं आटवलेलं असेल तर फ्रीजमध्ये चार दिवस काही होत नाही. त्याचे दिंड कर, कडबू कर, मुलं वेगळा पदार्थ म्हणून खातात.

वरण नैवेद्याला आणि लहान मुलांपुरतंच. बाकी सगळ्यांना कटाची आमटी. डाळ शिजवताना पाणी जास्त घाल आणि सगळा कट काढून घे. ही आमटी उरली तरी चिंता नको, दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगली लागते, उकळी तेवढी आण.

आणि कोशिंबिरीत मीठ पान वाढायच्या वेळीच घाल. सकाळीच घातलंस तर दुपारपर्यंत पाणी सुटतं आणि उरलेली टाकावीच लागते. बिनमिठाची काकडी संध्याकाळी थालीपिठात जाते.

डोंबिवलीकर

ताई, पत्रावळी विकत घेताना एकच करा: एक पत्रावळी तिथेच फाडून बघा. शिवलेली असेल तर पानं दिसतात, काड्या दिसतात, लपवायला जागा नसते. साच्यात दाबलेली असेल तर घरी आणून रात्रभर गरम पाण्यात भिजत घाला, प्लास्टिकचा थर असेल तर सकाळी सुटून येतो. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, प्लास्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर आहे. म्हणून आता बरंच काही पानाचा मुखवटा घालून विकलं जातं.

पण माझं मत विचाराल तर ताटंच काढा. आमच्याकडे गेली सहा वर्षं गणपतीत दोन्ही वेळचं मिळून पन्नास-साठ ताटं होतात आणि ती घरातले पुरुष घासतात. सुरुवात माझ्या वडिलांनी केली, तेव्हा ते 71 वर्षांचे होते. आई स्वयंपाकघरातून पहाटे चारपासून हलली नव्हती. पंगत उठल्यावर त्यांनी धोतर खोचलं आणि मोरीत जाऊन बसले. त्यानंतर आम्हा भावांना उठायला कुणी सांगावं लागलं नाही.

पाणी फार लागत नाही. नळाखाली धुऊ नका. जेवून उठणाऱ्याने आपल्या ताटातलं खरकटं स्वतः बादलीत काढायचं आणि ताट नारळाच्या शेंडीने पुसून ठेवायचं. मग तीन घमेली: पहिल्यात रिठ्याचं पाणी, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात साधं. पहिलं घाण झालं की ते ओतायचं, दुसरं पहिल्याच्या जागी सरकवायचं. आमची पन्नास ताटं चार बादल्यांत होतात. तुपाच्या वाट्या मात्र वेगळ्या ठेवा, त्यांना गरम पाणीच हवं.

एवढी ताटं घरात नसतील तर विकत घेऊ नका. गणपती मंडळं, मंगल कार्यालयं आणि काही बचत गट भाड्याने देतात. सणाच्या आठवड्यात मिळत नाहीत, आत्ताच सांगून ठेवा.

बांधावरून (पुरंदर)

सोळा भाज्यांबद्दल एका शेतकऱ्याचं म्हणणं ऐका. गौरीच्या आदल्या दिवशी मंडईत लोक फ्लॉवर आणि सिमला मिरची मागतात. पावसाळी फ्लॉवरवर किती फवारे पडतात ते मला माहीत आहे, मी लावायचा बंद केला. भाद्रपदात आपल्या मातीत सहज येतं ते घ्या: दोडका, पडवळ, घोसाळं, कारलं, भेंडी, गवार, चवळी, लाल भोपळा, काकडी, अळू, शेपू, अंबाडी, माठ, मक्याचं कणीस, आमच्याकडचा ओला वाटाणा, करटोली. मोजा, सोळा झाल्या.

आणि त्या सोळा पातेल्यांत करायच्या नाहीत. आमची आई सगळ्यांची मूठमूठ घेऊन एकच भाजी करते, ऋषिपंचमीच्या भाजीसारखी. त्या पंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने लावलेलं तेवढंच, म्हणून परसातल्या भाज्या आणि कंद एकत्र शिजतात, तेल-मसाला जवळजवळ नाहीच. गौरीच्या भाजीला ती फोडणी देते इतकाच फरक. एक पातेलं, एक गॅस, आणि नेमाच्या सोळा भाज्या पानात येतात. दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ घालून चटणी करा. भोपळ्याच्या बिया धुऊन सुकवून ठेवा, पुढच्या पावसात लावायला माझ्याकडून काही विकत घ्यावं लागणार नाही.

कुडाळची

आमच्याकडे पान म्हणजे केळीचंच. पुण्यात मंडईत मिळेल. पान फाटतं ही तक्रार असते. मधला दांडा मागून तासून घ्यायचा आणि पान गॅसवरून एकदाच फिरवायचं. रंग गडद होतो, तेल लावल्यासारखी चमक येते, मग ते मऊ पडतं आणि दुमडलं तरी चिरत नाही. 45 आणायची गरज नाही, पंगतीतल्या वडीलधाऱ्यांना केळीचं पान आणि बाकीच्यांना ताट, असंही चालतं. खतात घालताना पानाच्या पट्ट्या कापा आणि मध्ये सुका पाला टाका, अख्खी पानं एकावर एक चिकटून कुजतात आणि वास सुटतो.

मोदकांची उकड उरली तर निवगऱ्या करा. हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ मळून चपट्या थापायच्या आणि मोदकांच्याच पाण्यावर शेवटचा घाणा म्हणून वाफवायच्या. आम्ही भावंडं मोदकांपेक्षा त्यांच्यासाठी थांबायचो.

शेवंती (वाघोली, पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. माईंचा सगळा हिशोब वहीत उतरवला. सोळा भाज्यांची एकच भाजी, हे सासूबाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी अशीच होती. इथे आल्यावर तुझ्या आजेसासूबाईंना आवडायची नाही म्हणून सोडली." चाळीस वर्षं त्यांनी ती केली नव्हती. यंदा त्याच करणार आहेत.

ताटं 30 घरची निघाली, 15 शेजारच्या बचत गटाकडे सांगून ठेवली. डोंबिवलीकर, तुमची वडिलांची गोष्ट मी जेवताना वाचून दाखवली. मोठे दीर काही बोलले नाहीत. सकाळी बघते तर माळ्यावरची तीन घमेली खाली काढून, धुऊन, गच्चीवर पालथी घातली होती.

कुडाळच्या ताई, एक विचारायचं राहिलं. केळीची पानं आदल्या दिवशी आणली तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू की पाण्यात उभी करू?