आकाशात काय दिसलं? आपापले अनुभव सांगा

सोसायटीच्या ग्रुपवर ठाण्यातल्या उपवन तलावाच्या वर दिव्यांची माळ दिसतेय असा व्हिडिओ परत फिरतोय. पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, २०२२ मध्ये असल्या तक्रारींसाठी वेगळं ऑफिसच उघडलं, त्यांच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये ७५७ केसेस होत्या, त्यातल्या काही चक्क स्टारलिंकचे (इंटरनेट देणारे) सॅटेलाइट निघाले. तुम्ही काय पाहिलंय? फॉरवर्ड नको, डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा.

खारघरवाली: आई गच्चीवर कपडे काढायला गेली आणि तिथूनच हाका मारायला लागली. वर जाऊन बघते तर एकामागोमाग एक ठिपके, आवाज नाही काही नाही, आणि डोंगराच्या वर आल्यावर मध्येच एकेक करून गायब. बाबांनी मिसाइल जाहीर करून टाकलं. मी स्टारलिंकचं टायमिंग बघितलं तर मिनिटाला जुळलं. आपल्याकडे अंधार पडला तरी शेकडो किमी वर त्यांना अजून ऊन असतं, म्हणून चमकतात, पृथ्वीच्या सावलीत शिरले की संपलं.

घोडबंदर रोड: आमचे मामा आर्मीतून रिटायर झालेत, हा विषय निघाला की ते लडाखचं सांगतात. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ मध्ये जवानांनी चिनी ड्रोन समजून ३२९ नोंदी केल्या, शेवटी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रोफिजिक्सला विचारलं तर गुरू आणि शुक्र! आम्ही हसलो की मामा चिडतात. बॉर्डरवर दिसलं ते लिहायचं, ग्रह की ड्रोन ते नंतर ठरवणारे ठरवतील. मला पटतं ते.

नेरूळकर: मला दिसलेलं लाल-हिरवं होतं आणि एका जागी लटकलेलं. लग्नाच्या शूटिंगचं ड्रोन. पुढे.

ठाणे पूर्व: २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, नागपूरला सासरी होतो. संध्याकाळी पावणेआठच्या आसपास आगीचे पट्टे, उल्का कशी झर्रकन जाते तसं नाही, अगदी सावकाश सरकत होते, सासरे तर हातातली वाटी तशीच घेऊन अंगणात आले. त्याच रात्री चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली. चिनी रॉकेटचा तुकडा असणार असं जाणकार म्हणाले.

कळवा: पारसिकच्या डोंगरावर मला एक गोळा दिसला होता, तो काय होता ते अजून कळलं नाही.

खारघरवाली: वेळ? दिशा? पेंटागॉनवालेसुद्धा डेटा नाही म्हणून चारशेच्या वर केसेस बाजूला ठेवून बसलेत.

कळवा: अहो ताई, ठाणा फास्ट पकडायची होती, दिशा कोण बघतंय.