सोकोलचा लाल सदरा: व्यायाम मंडळाचा गणवेश स्लोव्हेनियात राष्ट्राची खूण कसा झाला?

पायवाट

नमस्कार. कामानिमित्त गेले आठ महिने माझा मुक्काम स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात आहे. येथे रविवारी सकाळी नदीच्या काठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आणि तेथे मागच्या खेपेस मी चार युरोंना एक छायाचित्र विकत घेतले. पोस्टकार्डाच्या आकाराच्या जाड कागदावर एकोणीस तरुण तीन रांगांत बसले-उभे राहिले आहेत. सर्वांच्या डोक्यावर बसक्या गोल टोप्या, टोपीत खोचलेले पीस, अंगात काळसर सदरा आणि गोफाच्या बंदांचा आखूड कोट आहे. मात्र हा कोट बहुतेकांनी अंगात न घालता एका खांद्यावर नुसता टाकला आहे. ही कोणती पलटण, असे मी विकणाऱ्या आजोबांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले की ही पलटण नव्हे, व्यायामशाळा आहे. आणि मग जरा गंभीर होऊन त्यांनी पुस्ती जोडली की ही मंडळी नसती, तर आज या बाजारात घासाघीस जर्मनमध्ये चालली असती.

माझा गोंधळ येथूनच सुरू होतो. आपल्याकडे तालमीत उतरणारा माणूस अंगावरचे कपडे काढून खुंटीला टांगतो आणि लंगोट कसतो. व्यायामासाठी कोट, टोपी आणि पीस कशाला हवे, आणि अशा पोशाखाला एका राष्ट्राची खूण होण्याइतका मान कसा मिळाला, हे कोणी जाणकार सविस्तर सांगतील का?

जुना कागद

आपण घेतलेले छायाचित्र 'सोकोल' या संघटनेचे आहे, याविषयी मला वर्णनावरूनच खात्री वाटते. सोकोल म्हणजे ससाणा, आणि टोपीतले पीसही त्याचेच. एक गोष्ट आधी सांगतो: आपल्याला जो सदरा काळसर दिसतो तो लाल आहे. त्या काळच्या छायाचित्रांच्या काचांना लाल रंग पकडता येत नसे, त्यामुळे तो काळपट उमटे. कोट खांद्यावर टाकण्याची रीत ध्यानात घेतली, तर पाहणाऱ्याच्या नजरेत काय भरत असे हेही कळते. ज्या रंगाची सारी किमया होती, तोच आपल्या छायाचित्रातून गळाला आहे.

संघटनेचा उगम प्रागचा. तेव्हा प्राग आणि ल्युब्लियाना ही दोन्ही शहरे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होती. १८६२ च्या फेब्रुवारीत मिरोस्लाव्ह तिर्श आणि यिंद्रिख फ्युग्नर यांनी तेथे व्यायाम मंडळ काढले, आणि चित्रकार योसेफ मानेस यांनी त्याला निशाण आणि गणवेश ठरवून दिला. लाल सदरा इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांकडून आला. गॅरिबाल्डी १८५९ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेशी लढला होता, म्हणजे व्हिएन्नाच्या दृष्टीने तो शत्रूचा सदरा होता, आणि तो ऑस्ट्रियाच्याच प्रजाजनांनी, तोही व्यायामाच्या नावाखाली, भर रस्त्यात घालून मिरवायचा होता. तरुणांना यात काय गोडी वाटली असेल, ते वेगळे सांगायला नको. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, ल्युब्लियानात 'युझ्नी सोकोल', म्हणजे दक्षिणेचा ससाणा, ही संस्था उभी राहिली. चेक प्रदेशाबाहेरची ती पहिली सोकोल संस्था होय. एत्बिन हेन्रिक कोस्ता हे तिचे पहिले अध्यक्ष पुढच्याच वर्षी शहराचे महापौर झाले. सरकारने १८६७ मध्ये ही संस्था विसर्जित केली, आणि १८६८ मध्ये तीच मंडळी 'ल्युब्लियाना सोकोल' या नावाने पुन्हा एकत्र आली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्या काळचे ल्युब्लियाना हे लहान शहर होते, आणि तेथे कोण जर्मन व कोण स्लोव्हेन हे चेहऱ्यावरून, आडनावावरून किंवा बोलीवरूनही ठरवता येत नसे. शिकलेला प्रत्येक जण दोन्ही भाषा बोले. कचेरीत जर्मन, बाजारात स्लोव्हेन, आणि घरात आई कोणती असेल ती. स्वतः कोस्ता यांच्या नावातच इटलीची छटा आहे. तिर्श आणि फ्युग्नर हे दोघेही जर्मनभाषक वातावरणात वाढले आणि मोठेपणी चेक झाले. उलट उदाहरण द्रागोतिन देझमान यांचे: तरुणपणी स्लोव्हेन चळवळीत रमलेला हा विद्वान १८६१ च्या सुमारास जर्मन पक्षाला जाऊन मिळाला, आणि १८७१ मध्ये त्या पक्षाचा महापौर झाला. ज्या गावात माणूस या बाजूने त्या बाजूला असा जाऊ शकतो, तेथे राष्ट्रीयत्व जन्माने मिळण्याऐवजी जाहीर करावे लागते. आणि मनातली निष्ठा रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही, पण लाल सदरा शंभर पावलांवरून दिसतो. तो घालून चौकातून चालणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, गिऱ्हाइकांच्या आणि कचेरीतल्या साहेबाच्या देखत आपला पक्ष सांगून टाकणे होते.

यात जर्मनांचाही वाटा आहे, आणि तो कमी नव्हे. फ्रीडरिख लुडविग यान या जर्मन शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनच्या हासेनहाइडे मैदानावर सुरू केलेल्या 'टर्नर' चळवळीने व्यायाम आणि राष्ट्र यांची सांगड आधीच घातली होती, आणि गरीब-श्रीमंत सारखे दिसावेत म्हणून शुभ्र न केलेल्या लिननच्या साध्या कापडाचा वेष रूढ केला होता. ल्युब्लियानातही टर्नरांची संस्था होतीच. म्हणजे एकाच गावात दोन व्यायामशाळा, दोन निशाणे आणि दोन पोशाख. १८६९ च्या मे महिन्यात शहराजवळच्या यान्चे टेकडीवर सहलीला गेलेल्या टर्नरांवर आसपासच्या शेतकऱ्यांनी हल्ला केला, हे प्रकरण तेथे अजून सांगितले जाते. व्यायामाचा पोशाख हा व्यायामाचा उरलेला नव्हता, हे सोकोलची पायरीही न चढलेल्या त्या शेतकऱ्यांना पुरते ठाऊक होते.

एरंडेल

मी पंधरा वर्षे मल्लखांब केला आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नातील लंगोटाच्या उल्लेखाने मला लिहिण्यास उद्युक्त केले.

गोफाच्या बंदांचा कोट घालून कोणी सिंगलबारवर गिरकी घेऊ शकत नाही. एक बंद अडकला तरी मनगट जायचे. सोकोलचे लोकही तसे करत नसत. कसरतीचा वेष हलका आणि निराळा होता, आणि आपल्या छायाचित्रातला वेष हा मिरवणुकीचा, समारंभाचा होता. स्लोव्हेन भाषेत त्याला 'क्रोय' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ कापडाची बेतणी, आणि शिंप्याला तेथे 'क्रोयाच' म्हणतात. कोटाचे नाव 'सुर्का'. हा कोट १८३०-४० च्या दशकांत क्रोएशियातील इलिरियन चळवळीच्या, म्हणजे दक्षिणी स्लावांच्या एकीचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीच्या, तरुणांनी मिरवला होता, म्हणजे तोही आधीच राजकारणात मुरलेला होता. सदरा इटलीचा, बेत प्रागचा आणि कोटाचे नाव इलिरियन चळवळीतले, असा हा स्लोव्हेनांचा राष्ट्रीय पोशाख आहे. मला यात काही वावगे वाटत नाही. उसने कापड अंगावर रुळले की आपलेच होते.

शरीराचा भाग मात्र कमी लेखू नये. सोकोलचे प्रशिक्षक व्हिक्टोर मुर्निक यांच्या हाताखाली तेथे जी शिस्तबद्ध तालीम घडली, तिच्यामुळे पोशाखाला वजन आले. नोव्हो मेस्तो गावच्या सोकोलमध्ये घडलेले लेओन श्तुकेल्य यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वंकष स्पर्धेचे आणि सिंगलबारचे, तर १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला रिंग्जचे सुवर्णपदक मिळवले. बर्लिनला १९३६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांनी रिंग्जवर रौप्यपदक घेतले. त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवत होते. दोघांची गाठ पडली असती, तर पोशाख या विषयावर बोलणे रंगले असते असे मला उगाच वाटते.

पायवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सदरा लाल आहे हे कळल्यापासून मी ते छायाचित्र निराळ्या नजरेने पाहतो आहे. एक शंका उरते. हा पोशाख साऱ्या स्लोव्हेनांना आपला वाटत होता का? माझ्या कचेरीतील एका वयस्कर सहकाऱ्याने 'सोकोल' हा शब्द ऐकताच किंचित नाक मुरडले, आणि तो तर कट्टर स्लोव्हेन आहे.

सीमारेषा

आपल्या सहकाऱ्याचे नाक मुरडणे हा या चर्चेतील सर्वांत मोलाचा पुरावा आहे, असे मी म्हणेन. 'स्लोव्हेन राष्ट्राची खूण' हे शब्द वर थोडे सढळ हाताने वापरले गेले आहेत, म्हणून त्यांवर आक्षेप नोंदवतो.

सोकोल हा मुख्यतः शहरी, उदारमतवादी मंडळींचा: वकील, व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी, कारागीर. स्लोव्हेन खेडे मात्र कॅथॉलिक होते, आणि धर्मगुरूंना ही मंडळी पाखंडी वाटत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅथॉलिक पक्षाने स्वतःची व्यायाम संघटना काढली आणि तिचे नाव ठेवले 'ओरेल', म्हणजे गरुड. गणवेशही अर्थात निराळा. पूर्वी जर्मन आणि स्लोव्हेन यांच्यात जे चालले होते, ते आता स्लोव्हेन आणि स्लोव्हेन यांच्यात, गावागावांत चालू झाले. एकाच आळीतल्या दोन घरांपैकी कोणी कोणत्या पक्ष्याचे पीस लावले आहे, यावरून लग्नाच्या सोयरिकीही अडत असतील, असा माझा तर्क आहे.

दुसरे असे की, पोशाखाचा अर्थ पुढे सरकारनेच फिरवला. आधी हा पोशाख 'दक्षिणेच्या ससाण्या'चा, म्हणजे दक्षिणी स्लावांच्या बंधुभावाचा होता. केवळ स्लोव्हेनांचा असा तो क्वचितच होता. १९१८ नंतर, स्लोव्हेन मुलूख दक्षिणी स्लावांच्या नव्या राज्यात (पुढचा युगोस्लाविया) गेल्यावर, तो युगोस्लाव झाला. १९२९ मध्ये राजा अलेक्झांडर याने हुकूमशाही आणल्यावर डिसेंबरात 'युगोस्लाव राज्याचा सोकोल' ही एकच सरकारमान्य संघटना ठेवली, ओरेलला गाशा गुंडाळावा लागला, आणि सोकोलचे प्रमुखपद युवराजाकडे गेले. जो पोशाख घालणे म्हणजे एकेकाळी वरिष्ठांचा रोष ओढवून घेणे होते, तोच आता अंगावर असला तर बढतीला बरा, अशी स्थिती आली. १९३३ च्या जानेवारीत कॅथॉलिक बिशपांनी सोकोलविरुद्ध पत्र काढून ते चर्चमधून वाचायला लावले. आपले सहकारी ज्या घरात वाढले, त्या घरात ही आठवण असण्याचा संभव दाट आहे.

जुना कागद

सीमारेषा यांचा आक्षेप मी बव्हंशी मान्य करतो. 'ओरेल'चा उल्लेख माझ्याकडून राहायला नको होता. तथापि त्यांनी ज्या काळात सरकारी शिक्का पाहिला, त्याच काळात सीमेपलीकडचे चित्र अगदी उलटे होते, ते नोंदवणे भाग आहे. पहिल्या महायुद्धानंतर ट्रिएस्ट आणि आसपासचा स्लोव्हेन मुलूख इटलीकडे गेला. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी ट्रिएस्टमधील 'नारोदनी दोम' हे स्लोव्हेनांचे सांस्कृतिक भवन जाळले, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत तेथील स्लोव्हेन संस्था, व्यायामशाळांसह, मोडून काढल्या. गॅरिबाल्डीच्या सदऱ्यावरून बेतलेला पोशाख इटलीच्याच राज्यात चालेनासा झाला, याला काय म्हणावे! म्हणजे एकाच वेळी ल्युब्लियानात तो राजमान्य आणि ट्रिएस्टला बेकायदा होता. एकाच कापडाला दोन देशांत दोन अर्थ.

नंतरचे थोडक्यात सांगतो. १९४१ मध्ये जर्मनी, इटली आणि हंगेरी यांनी देश वाटून घेतल्यावर सोकोलही संपला. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये ल्युब्लियानात जी मुक्ती आघाडी स्थापन झाली, तिच्या संस्थापक गटांत कम्युनिस्ट आणि ख्रिस्ती समाजवादी यांच्याबरोबर डाव्या विचारांच्या सोकोल सभासदांचाही गट होता. युद्धानंतर नव्या राजवटीने सोकोलला पुन्हा उभे राहू दिले नाही, आणि पुढे तिची जागा 'पार्तिझान' या व्यायाम संघटनेने घेतली. वास्तू मात्र टिकल्या. ल्युब्लियानात ताबोर भागात वास्तुविशारद इव्हान वुर्निक यांनी १९२० च्या दशकात बांधलेले सोकोल भवन आपण अवश्य पाहावे.

आपल्या छायाचित्राच्या मागे तिकीट आहे का? त्यावरून ते कोणत्या काळातले, हे सांगता येईल.

पायवाट

आहे. टपालाचे तिकीट अर्धे फाटले आहे, पण पांढऱ्या कल्लेवाल्या सम्राटाचा चेहरा ओळखू येतो, म्हणजे फ्रान्स योसेफ, म्हणजे १९१८ च्या आधीचे. मजकूर पेन्सिलीचा असून मला वाचता आला नाही. कचेरीत दाखवला तर त्या सहकाऱ्यांनीच, नाक न मुरडता, चष्मा लावून वाचून दाखवला. कोणा मुलाने आईला लिहिले आहे की मी डावीकडून पहिला, कोट अजून शिंप्याकडेच आहे, पैसे नाताळपर्यंत होतील.

मी पुन्हा पाहिले. डावीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या पोराच्या अंगात साधेच जाकीट आहे, पण टोपी आणि पीस आहे, आणि खांदा मात्र त्याने इतरांसारखाच, कोट टाकल्याच्या बेताने, पुढे काढला आहे.

एरंडेल

गणवेश ज्याचा त्याने स्वखर्चाने शिवून घ्यावा, अशीच सोकोलची पद्धत होती. टोपी त्यातल्या त्यात स्वस्त पडत असणार.